अर्धं हसू आणि सर चार्ल्स बेल

मंडळी, जानेवारीतली एक सोमवार सकाळ. बाहेर फूटभर बर्फ, साडेआठला क्लायंटबरोबर कॉल. दात घासून चूळ भरली आणि पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून थेट शर्टावर! आरशात पाहिलं तर डावा अर्धा चेहरा माझा आणि उजवा कुणा भलत्याचाच. भुवई वर जाईना, डोळा मिटेना, हसायला गेलो तर अर्धंच हसू उमटलं. आमच्या चार वर्षांच्या कन्येने निरीक्षण नोंदवलं की बाबा एका बाजूने रागावलाय आणि एका बाजूने नाही.

बायकोने काही न बोलता नऊशे अकराला फोन लावला. माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता, अर्धांगवायू. आजोबांच्या अंगावरून वारं गेलं होतं, ते मी लहानपणी पाहिलेलं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी हातपाय हलवायला लावले, बोलायला लावलं आणि मग म्हणाल्या, भुवया उंचावून कपाळाला आठ्या घाला. उजव्या कपाळावर एकही आठी पडेना. मी घाबरलो आणि बाईंचा चेहरा मात्र सैलावला! कारण असं की, कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतात. त्यामुळे मेंदूत झटका आला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळावर आठ्या बहुधा पडतात. आठ्याही गेल्या असतील तर बिघाड बहुतेक मेंदूत नसून चेहऱ्याकडे येणाऱ्या नसेत असतो. बाकीच्या तपासण्या झाल्या आणि निदान झालं, बेल्स पाल्सी. स्टिरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात घालायला थेंब आणि रात्री पापणीवर चिकटपट्टी, एवढं घेऊन घरी आलो.

संध्याकाळी पुण्याला आईला फोन केला. आधी रडली, मग कानाला मफलर गुंडाळायला सांगितलं, आणि मग विचारलं, हा बेल कोण रे? टेलिफोनवाला का?

नाही, तो अलेक्झांडर ग्रॅहम. योगायोगाने तोही एडिंबरोचाच, पण आपला बेल वारल्यावर पाच वर्षांनी, १८४७ साली जन्मलेला. आपला बेल म्हणजे सर चार्ल्स. पुढचे दोन आठवडे डोळ्यामुळे स्क्रीनकडे फार बघता येत नव्हतं, तेव्हा बायकोकडून वाचून घेत घेत मी या माणसाचं चरित्र गोळा केलं. ज्याचं नाव आपल्या तोंडावर लिहिलं गेलंय, त्याची ओळख तरी असावी!

चार्ल्स बेलचा जन्म नोव्हेंबर १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. वडील धर्मोपदेशक, म्हणजे घरात मान होता पण पैसा नव्हता. चार्ल्स जेमतेम पाच वर्षांचा असताना वडील गेले. मुलांना आईनेच वाढवलं. चार्ल्सचा हात चित्रकलेत चांगला चालतो हे तिने ओळखलं आणि डेव्हिड अ‍ॅलन या चित्रकाराकडे त्याचं शिक्षण झालं. थोरला भाऊ जॉन नावाजलेला सर्जन, जॉर्ज कायद्याचा पंडित. चार्ल्स जॉनच्या हाताखाली शवविच्छेदन शिकला आणि १७९८ साली, विद्यार्थी असतानाच, शवविच्छेदनावर स्वतः काढलेल्या चित्रांचं पुस्तक प्रसिद्ध करून मोकळा झाला. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सर्जन्स कॉलेजात प्रवेश मिळाला.

इथपर्यंत सगळं सुरळीत. पण मोठ्या भावाची जीभ तिखट. जेम्स ग्रेगरी नावाच्या वजनदार डॉक्टरशी त्याचं जाहीर भांडण झालं आणि त्याचा परिणाम म्हणून शहरातल्या मुख्य रुग्णालयाची, रॉयल इन्फर्मरीची दारं दोन्ही भावांना बंद झाली. भांडण एकाचं, शिक्षा दोघांना! शेवटी १८०४ साली, तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या चार्ल्सने गाव सोडलं आणि लंडन गाठलं.

आपल्यापैकी किती जण नेमके याच वयात दोन बॅगा घेऊन इकडे उतरलो! बेललाही लंडनमध्ये ओळख ना पाळख, वर स्कॉटिश उच्चार. घरीच वर्ग काढून तो डॉक्टरांना आणि चित्रकारांना शरीररचना शिकवू लागला. आणि भाऊ जॉर्जला पत्रं लिहू लागला, ती अनेक वर्षं. पुढे बेल गेल्यानंतर त्याच्या पत्नीने, मॅरियनने, ती पत्रं १८७० साली पुस्तकरूपात प्रसिद्ध केली. आपण आज त्याला जवळून ओळखतो ते त्या घरी लिहिलेल्या पत्रांमुळे.

१८०६ साली त्याचं चित्रकारांसाठीचं पुस्तक आलं. राग, भीती, वेदना, हसू या प्रत्येक वेळी चेहऱ्याचे कोणते स्नायू काय करतात, हा त्याचा विषय. चेहरा हा त्याचा आयुष्यभराचा ध्यास होता. माणसाला भाव व्यक्त करता यावेत म्हणून देवाने त्याला खास स्नायू दिलेत, अशी त्याची श्रद्धा होती. पुढे १८७२ साली चार्ल्स डार्विनने भावनांवर पुस्तक लिहिलं ते बरंचसं बेलच्या या मताला उत्तर म्हणून, पण बेलच्या निरीक्षणांचा मान ठेवूनच.

हा माणूस नुसता टेबलावरचा विद्वान नव्हता. १८०९ मध्ये कोरुन्याच्या लढाईतले जखमी सैनिक इंग्लंडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा तो मदतीला धावला. १८१५ च्या जूनमध्ये वॉटर्लूची बातमी आली तेव्हा मेहुण्याला घेऊन थेट ब्रसेल्सला निघाला. दोघांकडे पासपोर्ट नव्हते आणि शस्त्रक्रियेची हत्यारं दाखवूनच ते पुढे गेले, असं सांगतात. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्याला हे वाचून हेवाच वाटावा! तिथे त्याने शत्रूपक्षाच्या, म्हणजे फ्रेंच जखमींवरही शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांची जलरंगात चित्रं काढली. ती चित्रं आजही जपलेली आहेत. भूल देण्याची सोय नसलेल्या काळातली ती चित्रं पाहताना जखमेपेक्षा चेहराच आधी दिसतो.

आता आपल्या मुख्य विषयाकडे. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. आमच्या भाषेत बोलायचं तर सर्व्हरमधून निघालेल्या बारा जोड केबल्स. पहिली वासाची, दुसरी दृष्टीची. तिसरी, चौथी आणि सहावी डोळा फिरवणाऱ्या. पाचवी चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळवणारी, शिवाय चावण्याचे स्नायू चालवणारी. सातवी चेहरा हलवणारी. आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. नववी आणि दहावी गिळण्या-बोलण्याच्या. त्यातली दहावी तर हृदय आणि पोटापर्यंत पोचलेली. अकरावी मान-खांद्याची, बारावी जिभेची.

आज हे मेडिकलची मुलं पाठ करतात. पण बेलच्या काळात कोणती केबल कुठे जाते ते माहीत होतं, तिच्यातून काय वाहतं ते नव्हतं. चेहऱ्यावर पाचवीचेही धागे आणि सातवीचेही. मग दोन कशाला? या अज्ञानाची किंमत रुग्ण मोजत होते. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणारा एक भयंकर आजार आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. तो पाचवीचा दुखणाईतपणा. पण त्या काळी सर्जन कधीकधी सातवी नस कापत. म्हणजे कळ जशीच्या तशी आणि वर चेहरा कायमचा लुळा!

१८२१ साली बेलने रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला. त्यात एका गाढवाची गोष्ट आहे. त्याने गाढवाच्या एका बाजूची सातवी नस कापली. त्या बाजूची नाकपुडी श्वासाबरोबर हलायची थांबली, पण स्पर्श शाबूत राहिला. म्हणजे सातवी ही हालचालीची नस! मग मिडलसेक्स हॉस्पिटलमधले आणि इतर रुग्ण त्याने तपासले. अर्धा चेहरा निश्चल, शीळ घालता येत नाही, डोळा मिटायला सांगितलं तर पापणी उघडीच, पण बुबुळ मात्र वर फिरतं. ही वर फिरण्याची खूण आजही बेलच्याच नावाने ओळखली जाते. (मी आरशात करून पाहिली. बायकोने पुन्हा करू नकोस म्हणून बजावलं.) असे वाकडे चेहरे त्याच्याआधीही वैद्यांनी पाहिले होते. नवव्या-दहाव्या शतकात इराणमध्ये अल-राझीने त्याचं वर्णन केलं होतं, आपल्या आयुर्वेदात ते अर्दित म्हणून येतं. पण नेमकी कोणती नस, हे बेलने दाखवलं. म्हणून नाव त्याचं.

पाचवीच्या बाबतीत मात्र तो फसला. तिची ओठाकडे जाणारी शाखा कापल्यावर गाढव ओठांनी ओट्सचे दाणे उचलेना. बेलला वाटलं ओठ लुळे पडले. खरं म्हणजे ओठांना दाणा जाणवतच नव्हता! ही चूक त्याचाच जुना विद्यार्थी हर्बर्ट मेयो आणि पॅरिसचा फ्रान्स्वा माजँदी यांनी सुधारली.

आणि इथे गोष्टीला वळण लागतं. १८११ साली बेलने मेंदूविषयीची एक छोटी पुस्तिका छापली होती, फक्त शंभर प्रती, मित्रमंडळींपुरती. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या नसांना दोन मुळं असतात. पुढच्या मुळाला स्पर्श केला की स्नायू आकसतात, मागचं कापलं तरी तसं होत नाही, एवढं त्यात होतं. मागचं मूळ संवेदनेचं, हे त्यात नव्हतं. १८२२ साली माजँदीने कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दोन्ही स्पष्ट सांगितलं: पुढचं हालचालीचं, मागचं संवेदनेचं. बेल आणि त्याच्या मेहुण्यांनी ओरड केली, शोध आमचा! बेलला जिवंत प्राण्यांची चिरफाड मनापासून नकोशी होती. मुळांच्या प्रयोगासाठी त्याने बेशुद्ध केलेला ससा वापरला होता. पण बेशुद्ध सशाला दुखलं की नाही हे कसं कळणार? त्याच्या दयेमुळेच अर्धं उत्तर निसटलं. इथवर मला त्याच्याबद्दल सहानुभूतीच वाटते.

पण १८२४ साली त्याने आपले जुने निबंध पुन्हा छापले तेव्हा त्यातला मजकूर बदलला, नव्या शोधांशी जुळेल असा, आणि बदल केलाय हे सांगितलं नाही. मंडळी, आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते आयटीवाल्यांना सांगायला नको. गुपचूप जुनी फाइल बदलायची आणि तारीख जुनीच ठेवायची! पण मूळ प्रती शिल्लक होत्या. लोकांनी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या आणि फरक उघड झाला. आज पुस्तकात त्या नियमाला बेल-माजँदी अशी दोघांचीही नावं आहेत, पण श्रेय माजँदीचं जास्त, असंच बहुतेक इतिहासकार मानतात.

मानसन्मान मात्र मिळाले. १८२९ साली रॉयल सोसायटीचं पदक, १८३१ साली सर ही पदवी. १८३६ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तो एडिंबरोला परतला, ज्या शहराने दार लावलं होतं तिथेच शस्त्रक्रियेचा प्राध्यापक म्हणून. परत जायचं की नाही, हा आपल्या प्रत्येक पॉटलकमधला प्रश्न बत्तीस वर्षांनी त्याने असा सोडवला. पण सहाच वर्षांत, २८ एप्रिल १८४२ रोजी, लंडनला जाताना वाटेत वुस्टरजवळच्या हॅलो या गावी हृदयविकाराने त्याचं निधन झालं. त्याच खेडेगावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलंय. ना लंडन, ना एडिंबरो.

मला राहून राहून एक गंमत वाटते. ज्या शोधावर आपलंच नाव लागावं म्हणून त्याने लिहिलेलं बदललं, त्यात त्याला भागीदार घ्यावा लागला. आणि ज्या रुग्णांकडे तो चित्रकाराच्या डोळ्यांनी नुसता नीट बघत बसला, त्यांनी त्याचं नाव जगभर नेलं. ते नाव पार पुण्याला, माझ्या आईच्या तोंडी पोचलं!

माझं म्हणाल तर तिसऱ्या आठवड्यात ओठाचा कोपरा किंचित हलला. दोन महिन्यांत कॉलवर प आणि ब पुन्हा स्पष्ट म्हणता येऊ लागले. बहुतेकांचं असंच होतं. उपचार केले नाहीत तरी दहापैकी साधारण सात जण पूर्ण बरे होतात आणि स्टिरॉइड पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर शक्यता आणखी वाढते. पण तोंड वाकडं दिसलं तर कपाळावरच्या आठ्या घरी मोजत बसू नका. आधी नऊशे अकरा. झटका आहे की बेल, हे डॉक्टरांना ठरवू दे. आणि न मिटणारा डोळा जपा, तो कोरडा पडला तर इजा होते.

या दिवाळीत मंडळाच्या ग्रुप फोटोत मी नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत असेन. फोटोग्राफरने हसा म्हटलं की दोन्ही बाजूंनी हसेन. कन्या तपासणार आहे.