विश्लेषण : गुडघा बदलला, पण जिना चढता येईल का? या प्रश्नाचा पाठपुरावा करणारे डॉ. जॉन इन्सॉल कोण होते?

गुडघेरोपणानंतर दुखणे थांबते. पण जिना चढताना, खुर्चीतून उठताना मांडीत जोर वाटत नाही, अशी तक्रार अनेक रुग्ण करतात. याचे कारण काही अंशी कृत्रिम सांध्याच्या आकारात असते. हा आकार घडवणाऱ्यांत न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद डॉ. जॉन इन्सॉल (१९३०-२०००) यांचे नाव अग्रभागी आहे.

बिजागरीचा गुडघा का फसला?

इन्सॉल यांचा जन्म इंग्लंडमधील बोर्नमथचा. केंब्रिज आणि लंडनमध्ये शिक्षण घेऊन साठच्या दशकात ते न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’मध्ये आले. तेव्हाचे अनेक कृत्रिम गुडघे दाराच्या बिजागरीसारखे होते. बिजागरी एकाच अक्षावर वळते. खरा गुडघा मात्र वाकताना घरंगळतो, सरकतो आणि थोडा फिरतोही. या हालचालींचा ताण हाड आणि रोपणाच्या जोडावर येऊन सांधा सैल व्हायचा.

१९७४ मध्ये काय बदलले?

इन्सॉल, मूळचे भारतीय डॉ. चित्तरंजन राणावत आणि अभियंते पीटर वॉकर यांच्या चमूचा ‘टोटल कॉन्डायलर’ गुडघा त्या वर्षी वापरात आला. मांडीच्या हाडावर धातूचे आवरण, नडगीच्या हाडावर पॉलिइथिलिनची बैठक आणि वाटीच्या मागे प्लास्टिकची चकती, अशी त्याची रचना. बिजागरी गेली, स्थैर्य आले ते पृष्ठभागांच्या आकारातून आणि बाजूच्या अस्थिबंधांच्या समतोल ताणातून. सांधा टिकू लागला, पण तो साधारण ९० अंशांपर्यंतच वाकत असे. जिना चढणे अवघडच राहिले.

यात स्नायूचा संबंध काय?

मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स हा स्नायू वाटीमार्फत नडगीचे हाड ओढतो आणि पाय सरळ करतो. ही एक तरफ आहे. पाना लांब असला की नट कमी जोरात सुटतो, तसेच इथे. निरोगी गुडघा वाकताना मांडीचे हाड नडगीवर मागे सरकते, त्यामुळे तरफ लांब राहते. हे काम सांध्यातला मागचा क्रूसिएट अस्थिबंध करतो. ‘टोटल कॉन्डायलर’ बसवताना तो काढला जात असे. मग तरफ आखूड पडे आणि त्याच कामासाठी स्नायूला जास्त जोर लावावा लागे.

१९७८ मध्ये इन्सॉल आणि अभियंते अल्बर्ट बर्स्टीन यांनी त्यावर यांत्रिक तोड काढली. प्लास्टिकच्या बैठकीवर मधोमध एक खुंटी आणि धातूच्या भागात आडवी कॅम. गुडघा वाकला की कॅम खुंटीला टेकते आणि मांडीचे हाड मागे ढकलले जाते. गुडघा १०० अंशांपलीकडे वाकू लागला आणि अनेक रुग्णांना जिना चढणे सोपे झाले.

वाद मिटला का?

नाही. अस्थिबंध राखूनच सांधा बसवावा, असे मानणारा गट तेव्हाही होता, आजही आहे. खुंटीची झीज होऊ शकते. सुरुवातीच्या रचनेत वाटीजवळ वाढलेली ऊती खाचेत अडकून खटका बसण्याचा त्रासही दिसला. पुढे खाचेचा आकार बदलावा लागला. दोन्ही पद्धतींच्या तुलनेत एकीचा निर्विवाद विजय झालेला नाही.

रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात क्वाड्रिसेप्सची निम्म्याहून अधिक ताकद कमी झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे. सूज आणि वेदनांमुळे मज्जासंस्था स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. कोणतीही रचना हे टाळू शकत नाही. सांधा तरफ देतो. ती ओढायची ताकद व्यायामानेच परत येते. त्यामुळे डॉक्टरांना इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, हे विचारताना फिजिओथेरपी कधी सुरू होणार आणि किती आठवडे चालणार, हेही विचारावे.

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ती करणारे होते इन्सॉल यांचे जुने सहकारी राणावत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इन्सॉल यांचे निधन झाले. खुंटी-कॅमचे त्यांचे तत्त्व आजही जगभरातील अनेक कृत्रिम गुडघ्यांत वापरले जाते.