सुभद्रा रुसली, पण बाई कुठे होती?

किर्लोस्कर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी पाण्याचा पंप येतो. पण कारखानदार लक्ष्मणराव ज्या गुर्लहोसूर गावात जन्मले, त्याच गावात त्यांच्या २६ वर्षं आधी, ३१ मार्च १८४३ रोजी, आणखी एक किर्लोस्कर जन्माला आले होते. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे संगीत नाटकाचे अण्णासाहेब. गाव बेळगाव जिल्ह्यातलं. घरात मराठी, अंगणाबाहेर कानडी. दोन्हीकडची गाणी लहानपणापासून कानावर पडलेली.

बी.ए.ला मराठी नाटकाचा इतिहास मला पेपरपुरता होता. सन पाठ केले, पेपर दिला, लग्न झालं, संपलं. गेल्या वर्षी मात्र आमच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला आम्ही जुन्या नाटकांतले प्रवेश बसवले, आणि पुस्तकात जे कळलं नव्हतं ते तालमीत कळायला लागलं.

अण्णासाहेब जन्मले त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या नाटकांत पदं सगळी सूत्रधारानं म्हणायची. पात्रांनी नुसता अभिनय करायचा आणि मग आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. आम्ही तसं करून पाहिलं. एक जण बाजूला उभी राहून गाऊ लागली आणि सीता झालेली आमची मैत्रीण मधोमध नुसती उभी! हातांचं काय करू, बघू कुठे, तिला काही सुचेना. आम्हाला हसू आवरेना. पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली. दुःख सीतेचं आणि आवाज दुसऱ्याचा, असा तो प्रकार होता.

अण्णासाहेबांनी नेमकं हेच बदललं. तरुणपणापासून त्यांना नाटकाचा नाद होता. शिक्षणाला पुण्यात आले तेव्हा अभ्यासापेक्षा नाटकांकडेच ओढा जास्त. पुढे त्यांनी बेळगावात शिक्षकी केली, मग पुण्यात सरकारी कचेरीत नोकरी धरली. त्या काळी नाटक म्हणजे वाया गेलेल्यांचा धंदा. घरंदाज माणसानं त्यात पडणं कुणाला रुचत नसे. पण पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ त्यांनी पाहिला आणि असं गाण्याचं नाटक मराठीत का होऊ नये, या विचारानं त्यांना घेरलं. कालिदासाचं ‘शाकुंतल’ त्यांनी मराठीत आणलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. पण आता शकुंतलेचं गाणं शकुंतला म्हणत होती आणि दुष्यंताचं दुष्यंत. संवादही लिहून, पाठ करून म्हटलेले.

दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ ला ‘सौभद्र’ आलं. गोष्ट महाभारतातली, पण बघताना वाटतं आपल्याच घरातली. मुलीचं मन एकाकडे, मोठ्या भावानं लग्न ठरवलंय दुसरीकडे, धाकटा भाऊ गुपचूप तिच्या बाजूनं खटपट करतोय. वहिनीला सगळं कळतंय. असं घर आपल्यापैकी कुणी पाहिलं नाही? म्हणून तर ते नाटक इतकी वर्षं टिकलं.

आणि त्यातली पदं! ‘सौभद्र’त ती शंभरावर आहेत. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, लावणीच्या, कानडी गाण्यांच्या, बायकांच्या गाण्यांच्या. अण्णासाहेबांनी लोकांच्या ओठांवर असलेलंच उचललं. आमच्या तालमीला सत्तरीच्या एक काकू नुसत्या बघायला म्हणून येऊन बसायच्या. पेटीवाल्या बाईंना एका दिंडीची चाल सापडेना, तर काकूंनी बसल्या जागेवरून सहज म्हणून दाखवली. लहानपणी कीर्तनाला जायच्या, तिथली. शाळा त्यांची चौथीपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्या गाण्याच्या मास्तर!

पण एक गोष्ट मनाला लागते. पहिली सुभद्रा होते बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर. आवाज पहाडी, रूप देखणं, लोक वेडे झाले. चाली बायकांच्या, लुगडं बायकांचं, रुसणं-फुगणं बायकांचं, आणि उभा राहिला पुरुष. चांगल्या घरच्या बाईनं रंगमंचावर जाणं तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे ते बदलू लागलं. ‘शाकुंतल’नंतर तब्बल ५३ वर्षांनी!

आणि पुरतं बदललंय तरी कुठे? आमच्या सुभद्रेच्या सासरी आठवडाभर धुसफुस चालली होती. सून लोकांपुढे नाचणार, गाणार, म्हणून. शेवटी तिच्या सासूबाईंना आम्ही तालमीला बोलावलं. त्या आल्या, प्रवेश पाहिला, आणि रुक्मिणीचं लुगडं चुकीचं नेसवलंय म्हणून स्वतःच उठल्या. प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांना नऊवारी त्यांनीच नेसवली.

अण्णासाहेबांना आयुष्य थोडं मिळालं. ‘रामराज्यवियोग’चे तीनच अंक झाले, ते १८८४ साली रंगभूमीवर आले. पुढचं लिहायचं राहिलं. २ नोव्हेंबर १८८५ ला, ४२ व्या वर्षी, ते गेले. पहिल्या ‘शाकुंतल’पासून धरली तर जेमतेम पाच वर्षं. पण त्यांची मंडळी थांबली नाही. बेळगावात त्यांच्या हाताखाली शिकलेले गोविंद बल्लाळ देवल पुढे नाटककार झाले. म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं दुःख सांगणारं त्यांचं ‘शारदा’ १८९९ मध्ये याच किर्लोस्कर मंडळीनं केलं. बालगंधर्वही १९०५ साली इथेच आले.

मैत्रिणींनो, यंदा तुमच्या भिशीत किंवा हळदीकुंकवाला ‘सौभद्र’चा एखादा प्रवेश बसवून पाहा. पडदा नसला तरी चालतो, दोन साड्या बांधल्या की काम होतं. पेटी वाजवणारी एखादी गल्लीत सापडतेच. आणि चाली विचारायला आधी घरातल्या आजींकडे जा. त्या आहेत तोवरच हे मिळणार आहे.