स्वर्गाचे नागरिक, भारतमातेचे पुत्र : ब्रह्मबांधव उपाध्याय

१५ ऑगस्ट हा दिवस भारतातील कॅथलिक भाविकांसाठी दुहेरी आनंदाचा असतो. सकाळी चर्चच्या आवारात राष्ट्रध्वज फडकतो, राष्ट्रगीत गायिले जाते आणि त्याच सकाळी वेदीवर पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा अर्पण होते. ज्या मातीत आपण जन्मलो तिचे ऋण आणि ज्या घराकडे आपली वाटचाल चालू आहे त्या स्वर्गाची ओढ, या दोन्हींचे स्मरण एकाच दिवशी घडते. आपल्यापैकी बहुतेकांना त्यात काहीच विसंगत वाटत नाही. तरीही आयुष्यात केव्हातरी, कुणीतरी हा प्रश्न विचारतोच, की तुम्ही ख्रिस्ती लोक नेमके कुठले? तुमचा धर्म परका, तर तुमची निष्ठा कुठे?

सव्वाशे वर्षांपूर्वी एका बंगाली संन्याशाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने देण्याचा प्रयत्न केला. त्या उत्तराची किंमत त्याला स्वकीयांकडून, राज्यकर्त्यांकडून आणि ख्रिस्तसभेतील काही अधिकाऱ्यांकडूनही मोजावी लागली. ब्रह्मबांधव उपाध्याय हे त्या संन्याशाचे नाव.

देशासाठी झुरणारा तरुण

ब्रह्मबांधवांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६१ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील खन्यान या गावी एका कुलीन ब्राह्मण घराण्यात झाला. भवानीचरण बंद्योपाध्याय हे त्यांचे मूळ नाव. वडील देवीचरण ब्रिटिश सरकारच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. आई तान्हेपणीच वारल्याने आजीने त्यांचा सांभाळ केला. त्याच वर्षी बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांचा आणि आपल्या कोकणात कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ख्रिस्ताला भारतीय वेशात पाहण्याची तळमळ टिळकांनाही होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग आणि कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत आणले, हे आपण जाणतोच.

भवानीचरण शाळकरी वयातच सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या भाषणांनी भारावून गेले. व्याख्याने ऐकून स्वराज्य मिळणार नाही, तलवार हाती घ्यावी लागेल, असे त्यांच्या मनाने घेतले. सैनिकी शिक्षण मिळवण्यासाठी त्यांनी दोनदा घर सोडून ग्वाल्हेरची वाट धरली. बेत फसला, परंतु परदास्याची चीड त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

प्रभूची ओळख

पुढे ते केशवचंद्र सेन यांच्या सहवासात आले. केशवचंद्र ब्राह्म समाजाचे पुढारी असूनही प्रभू येशूविषयी त्यांच्या मनात अपार भक्ती होती. भवानीचरणांच्या घराण्यातील ज्येष्ठ नातलग कालीचरण बॅनर्जी हे तर निष्ठावान ख्रिस्ती आणि राष्ट्रीय सभेचे धडाडीचे कार्यकर्ते होते. ख्रिस्ती असणे आणि देशभक्त असणे एकाच व्यक्तीत नांदू शकते, याचे उदाहरण अशा रीतीने भवानीचरणांना घरातच पाहावयास मिळाले.

१८८७ साली ते ब्राह्म समाजात दाखल झाले आणि पुढच्या वर्षी शिक्षक म्हणून सिंधमधील हैदराबादला गेले. १८९० मध्ये वडील मुलतान येथे आजारी पडले. त्यांच्या शुश्रूषेच्या काळात भवानीचरणांच्या हाती कॅथलिक श्रद्धेवरील एक पुस्तक आले आणि त्यांच्या शोधाला दिशा मिळाली. फेब्रुवारी १८९१ मध्ये त्यांनी एका अँग्लिकन धर्मगुरूच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला, मात्र त्या पंथात ते सामील झाले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते कॅथलिक ख्रिस्तसभेत आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तेथील कॅथलिक समाज मुंबई महाधर्मप्रांताच्या छत्राखाली होता. म्हणजे हा बंगाली साधक कॅथलिक झाला तो आपल्याच मातृसंस्थेच्या अंगणात.

बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी थिओफिलस, म्हणजे देवाचा मित्र, हे नाव घेतले. त्याचेच भारतीय रूप ब्रह्मबांधव. आडनावातील बंद्य या शब्दाचा अर्थ वंदनीय. दुःखे सोसणाऱ्या, तिरस्कृत झालेल्या प्रभूच्या शिष्याला हे विशेषण शोभत नाही, असे म्हणून त्यांनी तो शब्द गाळला आणि केवळ उपाध्याय, म्हणजे शिक्षक, एवढेच राखले.

भगवी वस्त्रे आणि गळ्यात क्रूस

१८९४ च्या अखेरीस उपाध्यायांनी संन्यास घेतला. अंगावर भगवी वस्त्रे, गळ्यात क्रूस आणि अनवाणी पाय, असे त्यांचे रूप पाहून तेथील ख्रिस्ती समाज गोंधळला. त्या वेषात चर्चमध्ये येण्यास त्यांना मनाई झाली. त्यांनी वाद घातला नाही. मुंबईच्या आर्चबिशपांकडे त्यांनी दाद मागितली आणि सतराव्या शतकात मदुराई येथे संन्याशाच्या वेषात सुवार्ता सांगणाऱ्या फादर रॉबर्ट दी नोबिली यांचा दाखला दिला. आर्चबिशपांनी त्यांना परवानगी दिली.

त्या काळात ख्रिस्ती होणे म्हणजे पोशाख, आहार आणि नाव यांतही साहेबाचे अनुकरण करणे, असा समज सर्वत्र रूढ होता. त्यामुळे सुशिक्षित हिंदूला प्रभू येशू दिसण्याआधी साहेबाची टोपी दिसे, ही उपाध्यायांची व्यथा होती. जानेवारी १८९४ मध्ये सुरू केलेल्या ‘सोफिया’ या मासिकातून त्यांनी ती वारंवार मांडली. सुरुवातीच्या अंकांत त्यांनी वेदान्तावर कठोर टीकाही केली. कालांतराने त्यांचे मत पालटले. संत थॉमस अक्वायनस यांनी ज्याप्रमाणे ग्रीक तत्त्वज्ञानाला ख्रिस्ती श्रद्धेच्या सेवेत आणले, त्याप्रमाणे वेदान्तालाही आणता येईल, असे त्यांना वाटू लागले. १८९८ मध्ये त्यांनी पवित्र त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून वंदन करणारे संस्कृत स्तोत्र रचले. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र आणि आनंद म्हणजे पवित्र आत्मा, अशी त्याची मांडणी आहे. आज हे स्तोत्र भारतातील अनेक कॅथलिक मठांत आणि गुरुविद्यालयांत गायिले जाते.

जन्माचे नाते आणि बाप्तिस्म्याचे नाते

त्याच वर्षी ‘सोफिया’तील एका लेखात त्यांनी आपल्या विचाराचा गाभा मांडला. माणसाच्या धर्माचे त्यांनी दोन भाग केले. पहिला समाजधर्म. त्यात चालीरीती, आहार, वेष, भाषा आणि समाजाप्रती असलेली कर्तव्ये येतात व तो जन्माने लाभतो. दुसरा साधनधर्म. तो आत्म्याच्या तारणाचा मार्ग असतो आणि श्रद्धेने स्वीकारावा लागतो. आपण समाजधर्माने हिंदू आहोत, कारण या देशात आणि या संस्कृतीत जन्मलो. साधनधर्माने आपण कॅथलिक आहोत, कारण बाप्तिस्म्याने आपला नवा जन्म झाला. स्वर्गाचे नाते देशाचे नाते तोडत नाही, असे त्यांचे सांगणे होते.

या विभागणीवर आक्षेप घेता येतात आणि ते तेव्हाही घेतले गेले. समाजधर्मात जातिव्यवस्थाही येते. उपाध्याय वर्णाश्रमाचे समर्थन करीत राहिले. शुभवर्तमानाने सर्वांना एकाच पित्याची लेकरे म्हटले असताना जन्मावरून ठरणारी उच्चनीचता केवळ सामाजिक चालरीत म्हणून सोडून देता येत नाही, हे आज आपल्याला स्पष्ट दिसते. संस्कृतीचा आदर करावा, पण तिला शुभवर्तमानाच्या प्रकाशात तपासूनही घ्यावे लागते. या दुसऱ्या गोष्टीकडे त्यांचे लक्ष कमी पडले.

नर्मदाकाठचे स्वप्न

१८९९ मध्ये उपाध्यायांनी जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी एक कॅथलिक मठ स्थापण्याचा संकल्प केला. भारतीय पद्धतीने राहणारे, भिक्षेवर निर्वाह करणारे, ध्यान आणि अध्ययन करणारे ख्रिस्ती संन्यासी तेथे घडावेत, ही त्यांची इच्छा होती. जबलपूर तेव्हा नागपूर धर्मप्रांतात होते आणि नागपूरच्या बिशपांनी प्रारंभी त्यांना सहानुभूती दाखविली. परंतु पोपमहोदयांचे भारतातील प्रतिनिधी आर्चबिशप झालेस्की यांना ही कल्पना पटली नाही. मठ उभा राहिला नाही. ‘सोफिया’ मासिकही त्याच वर्षी बंद पडले. उपाध्यायांनी १९०० साली कोलकात्यात त्याच नावाचे साप्ताहिक काढले, तेव्हा कॅथलिकांनी ते वाचू नये असा आदेश निघाला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या एका मासिकात लिहावयास घेतले. त्याच्याही वाट्याला तीच बंदी आली.

झालेस्की यांच्या मनात श्रद्धेच्या शुद्धतेची काळजी होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्या घरात आपण श्रद्धेने आलो, त्याच घराने आपले बोलणे ऐकून घेऊ नये, हे दुःख उपाध्यायांच्या जिव्हारी लागले. त्यांनी ख्रिस्तसभा सोडली नाही. १९०२ साली ते इंग्लंडला निघाले, तेव्हा ते सदाचारी आणि तळमळीचे कॅथलिक असल्याचे पत्र कोलकात्याच्या आर्चबिशपांनी त्यांना दिले होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे त्यांनी भारतीय तत्त्वज्ञानावर व्याख्याने दिली. त्याआधी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी शाळा सुरू केली, तेव्हा उपाध्याय आणि त्यांचे सिंधी कॅथलिक शिष्य रेवाचंद, म्हणजेच पुढील काळातील अणिमानंद, हे तिच्या पहिल्या शिक्षकांत होते.

‘संध्या’ आणि कारावास

इंग्लंडहून परतल्यावर उपाध्यायांच्या जीवनाने वेगळे वळण घेतले. १९०४ मध्ये त्यांनी ‘संध्या’ हे बंगाली दैनिक सुरू केले. दुकानदार, कारकून, मजूर अशा सामान्यांच्या बोलीत लिहिणारे ते पत्र होते. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि ‘संध्या’ स्वदेशी चळवळीचा धगधगता आवाज बनली. भाषा अत्यंत जहाल होती. राज्यकर्त्यांची टवाळी, त्यांच्याविषयीचा संताप आणि प्रसंगी द्वेषही त्या स्तंभांतून उसळत असे. शत्रूवरही प्रीती करा असे शिकविणाऱ्या प्रभूचा शिष्य त्या ओळींत शोधावा लागतो. त्याच सुमारास त्यांनी आपल्या शाळेत सरस्वतीपूजन होऊ दिले आणि सद्गदित अंतःकरणाने अणिमानंद त्यांच्यापासून दूर झाले. ऑगस्ट १९०७ मध्ये समाजाचे नियम मोडल्याबद्दल त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. त्यांच्या दृष्टीने हा समाजधर्माचा भाग होता. अनेकांना मात्र ते श्रद्धेपासून दुरावले असे वाटले.

सप्टेंबर १९०७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. बॅरिस्टर चित्तरंजन दास त्यांचे वकील होते. न्यायालयात उपाध्यायांनी लेखांची संपूर्ण जबाबदारी स्वीकारली आणि बचाव करण्यास नकार दिला. स्वराज्याचे कार्य देवाने नेमून दिलेले आहे आणि त्यासाठी परक्या सत्तेला जाब देण्यास आपण बांधील नाही, असे त्यांचे निवेदन होते.

खटला चालू असतानाच अंतर्गळाच्या दुखण्यामुळे त्यांना कोलकात्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात दाखल करण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर धनुर्वात झाला आणि २७ ऑक्टोबर १९०७ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मोठ्या जनसमुदायाच्या साक्षीने त्यांच्या पार्थिवावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. मतभेदाने दुरावलेल्या अणिमानंदांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. आपले गुरू अखेरपर्यंत ख्रिस्ताचेच होते, ही त्यांची खात्री कधी ढळली नाही.

आपल्यासाठी बोध

उपाध्यायांचे जे स्वप्न नर्मदाकाठी अपुरे राहिले, ते पुढे वेगळ्या रूपात साकार झाले. १९५० साली कावेरीच्या काठी फादर मोन्शानँ आणि फादर ल सो यांनी सच्चिदानंद आश्रम उभारला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आपल्या प्रेषितकार्यविषयक आदेशपत्रात ख्रिस्ती भाविकांनी आपल्या देशाच्या संस्कृतीत श्रद्धा जगावी आणि चांगले नागरिक व्हावे, असे शिकविले. १९६९ मध्ये आरती, दीपप्रज्वलन, अंजलीमुद्रा यांसारख्या भारतीय प्रथांना उपासनेत मान्यता मिळाली. आज चर्चमध्ये समई पेटते तेव्हा कुणाला नवल वाटत नाही. एके काळी भगव्या वस्त्रांतील एका भाविकाला चर्चच्या दारातच थांबावे लागले होते, हे त्या वेळी आठवावे.

संत पॉल यांनी फिलिप्पैकरांना आपले नागरिकत्व स्वर्गात असल्याची आठवण करून दिली. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती आणि तेथील लोकांना रोमन नागरिकत्वाचा मोठा अभिमान होता. पण त्याच नगरात चौकशीविना फटके मारले गेल्यावर पॉल यांनी आपले रोमन नागरिकत्व पुढे केले आणि अधिकाऱ्यांना स्वतः येऊन क्षमा मागावयास लावली. स्वर्गाचा नागरिक पृथ्वीवरील आपले हक्क आणि कर्तव्ये टाकून देत नाही. तसेच देशाच्या प्रेमापोटी तो द्वेषाला मनात थाराही देत नाही, कारण त्याला शेवटी एका वेगळ्या न्यायासनापुढे उभे राहावयाचे असते.

उपाध्यायांचे जीवन या दोन्ही गोष्टी शिकविते, काही आपल्या धैर्याने आणि काही आपल्या चुकांनी. मतदानाच्या रांगेत, ग्रामसभेत, शाळेत आणि कार्यालयात प्रामाणिकपणे वागणारा ख्रिस्ती माणूस आपल्या निष्ठेचा पुरावा रोज देत असतो. त्यासाठी त्याने आपली श्रद्धा लपवावी लागत नाही आणि आपली माती नाकारावीही लागत नाही. या वर्षी १५ ऑगस्टला ध्वजवंदन करून चर्चमध्ये पाऊल टाकताना आपण या अनवाणी संन्याशाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू या आणि आपल्या देशाला स्वर्गमातेच्या मध्यस्थीवर सोपवू या.