कोऱ्या कागदावरची सही अन् देशाची पहिली महिला वकील कॉर्नेलिया सोराबजी

पुण्यात सोराबजींच्या घरी एकदा काठियावाडकडची एक विधवा बाई आली. घरची श्रीमंत, पण पडद्यात राहणारी. जमीनजुमल्याचा सगळा कारभार कारभाऱ्याच्या हाती. त्या कारभाऱ्यानं एक दिवस कोऱ्या कागदावर बाईची सही घेतली आणि पुढे त्याच कागदाच्या जोरावर मालमत्ता आपल्या घशात घातली. बाई दाद मागायला निघाली, पण जायचं कुठं? वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष, कारकून पुरुष. परक्या पुरुषासमोर बसून बोलायची तिला मुभाच नव्हती.

घरातली एक लहान मुलगी हे सगळं ऐकत होती. अशा बायांना मदत करायची असेल तर कायदा शिक, असं आईनं तिला सांगितलं. त्या वेळी देशात एकही बाई वकील नव्हती. इंग्लंडातही नव्हती.

ही मुलगी म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १५ नोव्हेंबर १८६६, गाव नाशिक. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी मूळचे पारशी. तरुणपणी ख्रिस्ती झाले, त्यापायी आपल्या माणसांचा रोष पत्करला आणि पुढे चर्च मिशनरी सोसायटीत, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाच्या मिशनमध्ये काम केलं. आई फ्रान्सिना. तिला लहानपणी फोर्ड नावाच्या इंग्रज कुटुंबानं दत्तक घेतलं होतं. घरात लेकी बऱ्याच अन् मुलगा एकच. पण लेकी जास्त झाल्या म्हणून या घरात कोणी कपाळाला हात लावला नाही. काही वर्षं बेळगावात काढून कुटुंब पुण्यात आलं.

फ्रान्सिनाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल नावाची शाळा काढली. शाळा खाजगी, चालवणारं घर अँग्लिकन, पण दार सगळ्यांना उघडं. इंग्रज, पारशी, हिंदू, मुसलमान लेकरं एकाच वर्गात बसायची. ज्या काळात विहिरीवर पाणी भरतानाही जात विचारली जात होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. त्यासोबत मराठी, गुजराती आणि उर्दू शिकणाऱ्यांसाठीही त्यांनी शाळा चालवल्या. १८८२ साली सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. त्याच्यासमोर फ्रान्सिनाबाईंनी साक्ष दिली आणि मुली शिकायच्या असतील तर आधी बाया मास्तरीण व्हायला पाहिजेत, हा मुद्दा लावून धरला. पुढे शाळांसाठी पैसा गोळा करायला त्या इंग्लंडलाही जाऊन आल्या.

अशा घरात वाढलेली कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. तिथं शिकणारी ती पहिलीच मुलगी. बरोबरची मुलं वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घ्यायची, तरी ती आत जाऊन बसायची. मुंबई विद्यापीठाची पदवी घेणारी पहिली महिला म्हणून तिचं नाव लागलं. नुसती पास नाही, पहिल्या वर्गात अन् वरच्या नंबरानं.

इथं तिला पहिला मोठा दणका बसला. एवढे गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्लंडात शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. कॉर्नेलियाला ती नाकारली. कारण एकच, ती मुलगी होती. शिष्यवृत्तीचे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात मुलगी वरच्या नंबरात येईल हा विचारच कधी आला नव्हता.

ती रडत बसली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिनं इंग्रजी शिकवायची नोकरी धरली. विद्यार्थी सगळे मुलगे आणि शिकवायला विशीतली पोरगी! तिकडे इंग्लंडात लेडी हॉबहाउस यांनी १८८८ मध्ये तिच्यासाठी वर्तमानपत्रातून लोकांना मदतीचं आवाहन केलं. पैसे देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, सर विल्यम वेडरबर्न होते. सरकारनं जे दिलं नाही ते लोकवर्गणीतून जमलं. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात पोचली, तीही लुगडं सोडून झगा न घालता, साडीतच.

ऑक्सफर्डात कायदा शिकणारी ती पहिली बाई. ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयात बायांना बसू देत नसत, तिथं तिला खास परवानगी मिळाली. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट तिच्या पाठीशी उभे राहिले. तरीही बी.सी.एल. या कायद्याच्या परीक्षेची वेळ आली तेव्हा बाईला पुरुषांबरोबर बसवायचं कसं, यावर घोळ झाला. शेवटी विद्यापीठानं तिच्या एकटीसाठी वेगळा ठराव केला अन् १८९२ मध्ये तिनं परीक्षा दिली. तिसऱ्या वर्गात पास झाली. पास झाली पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड बायांना परीक्षा देऊ देत होतं, पदवी देत नव्हतं. ती पदवी मिळायला १९२२ साल उजाडलं. म्हणजे कागद हातात पडायला तीस वर्षं लागली. आपल्याकडे फेरफारासाठी चकरा मारणाऱ्याला या तीस वर्षांचं दुःख वेगळं सांगायला नको.

त्या भारतात परतल्या आणि गुजरात-काठियावाडातल्या संस्थानांत पडद्यातल्या बायांची कामं घेऊ लागल्या. संस्थानिकाची मर्जी असली तर तिथं बोलू देत, इंग्रजी कोर्टात मात्र उभं राहता येत नव्हतं. या दिवसांतला एक किस्सा त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. एका संस्थानात त्यांना चक्क हत्तीचं वकीलपत्र मिळालं! हत्तीच्या चाऱ्यासाठी दिलेली जागा राजानं काढून घेतली होती, तर हत्तीच्या बाजूनं बोलायचं होतं. न्याय देणारा राजा झोपाळ्यावर बसलेला. त्यानं निकाल हत्तीच्या बाजूनं दिला, पण कारण काय, तर राजाच्या कुत्र्याला वकीलबाई आवडल्या म्हणून. जिंकूनही त्यांना वाईट वाटलं असेल तर नवल नाही. एवढा कायदा शिकून यायचं अन् निकाल कुत्र्यावर लागायचा.

मग त्यांनी ठरवलं की अंगावर रीतसर सनद पाहिजे. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा पास केली. तरी सनद नाही. परीक्षा पास, अभ्यास ऑक्सफर्डचा, पण बाई. त्याच अलाहाबादेत त्यांचा धाकटा भाऊ डिक बॅरिस्टर म्हणून कोर्टात उभा राहत होता. एकाच आईची दोन लेकरं, एकाला काळा कोट, दुसरीला नकार.

यातून त्यांनी जी वाट काढली, तेच त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणावं लागेल. वकील होऊ देत नाही ना, ठीक. मग सरकारनंच एक बाई सल्लागार नेमावी, असा आग्रह त्यांनी १९०२ पासून धरला. ही गरज काय होती ते समजून घेण्यासारखं आहे.

बंगाल, बिहारकडे मोठमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. वऱ्हाडात बहुतेक रयतवारी, शेतकऱ्याचं नाव सरळ सरकारी कागदावर. तिकडे तसं नाही, एकेका घराच्या हाती गावंच्या गावं. असा जमीनदार मेला आणि मागे विधवा किंवा अज्ञान मुलगा राहिला, तर त्या इस्टेटीचा कारभार कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाचं सरकारी खातं ताब्यात घेऊ शकत असे. खात्याचे अधिकारी सगळे पुरुष. विधवा आत, जनानखान्यात. तिचं म्हणणं बाहेर आणणार कोण? तर दीर, भाऊबंद, कारभारी, भटजी. म्हणजे ज्यांचा डोळा जमिनीवर, तेच तिचा निरोप्या.

कायद्यात तशी सोय होती. पडदानशीन बाईनं केलेला दस्त असेल, तर तो तिला नीट समजावून सांगितला होता हे फायदा घेणाऱ्यानं सिद्ध करावं लागे. नियम चांगला, पण पडद्याच्या आतून हो म्हणणारी बाई खरंच तीच आहे की दुसरीच कोणी बसवली आहे, हे बाहेरच्या साहेबाला कसं कळणार? शिवाय त्या काळी मुलगा नसलेल्या हिंदू विधवेला नवऱ्याची मालमत्ता मिळाली तरी ती फक्त तिच्या हयातीपुरती. ती मेली की मालमत्ता परत नवऱ्याच्या वारसांकडे. मग तिच्या जिवावर किती जण टपून असतील याचा हिशेब आपापल्या गावावरून करावा.

१९०४ मध्ये सरकारनं कॉर्नेलिया सोराबजींना बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सहायक म्हणून नेमलं. काही वर्षांतच बंगालसोबत बिहार, ओरिसा, आसामपर्यंत त्यांचा फेरा सुरू झाला. रेल्वे, होडी, पालखी, जे मिळेल त्यानं जायचं. पडद्याच्या आत जाऊन बाईशी समोरासमोर बसायचं, तिचं ऐकायचं, कागद तिला तिच्या भाषेत समजावून सांगायचा. वारस पोराच्या शिक्षणाची व्यवस्था लावायची, आजारी बाईला औषधपाणी मिळतं का पाहायचं. सासू-सुनेची, सवती-सवतीची भांडणं कोर्टात जाऊन इस्टेट बुडण्याआधी घरातच मिटवायची. साधारण वीस वर्षांत सहाशेवर बाया आणि पोरक्या मुलांची कामं त्यांनी पाहिली, काहींची एक पैसाही न घेता. १९०९ साली सरकारनं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं.

दरम्यान दुसऱ्या बायाही कोर्टाचं दार ठोठावू लागल्या होत्या. कलकत्त्यात रेजिना गुहा यांचा अर्ज १९१६ मध्ये फेटाळला गेला, पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचा १९२१ मध्ये. त्याच १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं मात्र कॉर्नेलियाबाईंचं नाव वकिलांच्या यादीत घेतलं. त्यांचं वय तेव्हा चोपन्न. १९२३ मध्ये कायदाच झाला की केवळ बाई आहे म्हणून कोणाला वकिलीपासून अडवता येणार नाही. मग कॉर्नेलियाबाईंनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. पण तिथले पुरुष वकील आणि न्यायाधीश यांच्या मनातली अढी कायद्यानं जाणार नव्हती. त्यांच्याकडे कोर्टात बोलायचं काम कमी आणि कागदावर मत द्यायचं काम जास्त येत राहिलं. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या.

त्यांची एक बाजू लोकांना तेव्हाही पटली नव्हती अन् आजही पटणार नाही, पण ती लपवण्यात अर्थ नाही. कॉर्नेलियाबाई इंग्रज राजवटीच्या बाजूच्या होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. आधी शिक्षण, आधी घरातली सुधारणा, स्वराज्य मागाहून, असं त्यांचं मत. अमेरिकेच्या कॅथरीन मेयो बाईंनी १९२७ मध्ये भारताची बदनामी करणारं पुस्तक लिहिलं, त्याचीही त्यांनी आधी पाठराखण केली. देशभर संताप उसळला तेव्हा त्याची झळ त्यांच्या कामालाही बसली. ज्या बाईनं शेकडो विधवांच्या घरात जाऊन त्यांचं दुःख पाहिलं, तिला बाहेर रस्त्यावर उतरलेल्या हजारो बाया दिसल्या नाहीत, हे खटकतंच. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडच्या पुस्तकांत त्यांचं नाव मागे पडलं, त्याचं एक कारण हेही असावं.

विधवेचा हक्क कायद्यात यायला मात्र आणखी वेळ लागला. १९३७ च्या कायद्यानं नवऱ्याच्या मालमत्तेत तिला वाटा दिला, तोही हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं ती पूर्ण मालकीण झाली. लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. आता सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागतात. अन् लागल्यावर हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घ्यायला गाडीही घरापर्यंत येते. बहिणीनं राजीखुशीनं सोडलं तर तो तिचा विषय. पण कागद वाचून दाखवला होता का, हे विचारायला कॉर्नेलियाबाई दोन-दोन दिवसांचा प्रवास करून जात होत्या.

त्यांच्या बहिणीही मागे राहिल्या नाहीत. अ‍ॅलिस विज्ञानाची पदवी घेऊन डॉक्टर झाली, लग्नानंतर वायव्य सरहद्दीवरच्या बन्नू इथल्या दवाखान्यात पठाण बायांवर उपचार करत राहिली. नवरा थिओडोर पेनेल हाही डॉक्टर, तो १९१२ मध्ये वारला तरी तिनं काम सोडलं नाही. सुझी पुण्यातच राहिली, आईच्या शाळेत शिकवलं आणि पुढे सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा काढली. कॉर्नेलियाबाईंनी आईवडिलांचं आणि सुझीचंही चरित्र लिहिलं. स्वतःच्या आठवणींचं पुस्तक १९३४ मध्ये आलं.

शेवटची वर्षं त्यांनी लंडनमध्ये काढली. नजर अधू झाली होती. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हाही त्या तिथंच होत्या. ६ जुलै १९५४ रोजी त्यांचं निधन झालं. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमध्ये, जिथं बॅरिस्टर घडतात, तिथं त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. पुण्यात सुझीबाईंनी काढलेली मुलींची शाळा आजही भरते.