तोफखान्याचे सेनानी : इब्राहिमखान गारदी

आपल्या तुमसर तालुक्यातील आंबागड ज्यांनी पाहिला, त्यांना किल्ल्याचे बुरूज काय असतात हे सांगावयास नको. परंतु बुरूज कितीही भक्कम असला तरी त्यावरील तोफ चालविणारा हात शिकलेला असावा लागतो. अशा शिकलेल्या हातांचे धनी म्हणून इब्राहिमखान गारदी यांचे नाव इतिहासात अमर झाले आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच सेनापती बुसी हैदराबाद दरबारी होता. दख्खनचे शिपाई त्याच्या पलटणींत कवायत शिकत, रांग धरून हुकुमाबरोबर बंदुका झाडीत. त्यांनाच गारदी म्हणत. इब्राहिमखान या तालमीत तयार झाले. १७५८ मध्ये बुसी हैदराबाद सोडून गेला. पुढे सदाशिवरावभाऊंनी खानांचे गुण हेरून त्यांना पेशव्यांच्या चाकरीत घेतले.

१७६० मध्ये भाऊ उत्तरेस निघाले. ऑगस्टमध्ये दिल्ली आणि ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा मराठ्यांनी घेतला. दोन्ही ठिकाणी खानांच्या तोफांनी मोठी कामगिरी बजावली. मल्हारराव होळकरांसारख्या अनुभवी सरदारांना गनिमी कावाच पसंत होता. भाऊंचा भरवसा मात्र कवायती पलटणींवर आणि तोफांवर होता.

खानांचा एक बाणा विशेष सांगण्याजोगा आहे. शिपायांचा पगार महिन्याच्या महिन्यास मिळालाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे भाऊंची नाराजीही त्यांनी पत्करली. पानिपतावर छावणीची अन्नान्नदशा झाली, खजिना आटला, पगार थकला. तरीही १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी, घेतलेल्या पगाराचे चीज आज करून दाखवितो, अशा आशयाचे बोलून ते रणात उतरले, असे काशीराज पंडिताने नमूद केले आहे. हा पंडित शत्रुपक्षातील शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, हे ध्यानात घ्यावे.

मराठ्यांच्या डाव्या बाजूस खान होते. प्रथम तोफांचा मारा झाला. नंतर आपलीच माणसे आपल्या गोळ्यांखाली सापडू नयेत म्हणून तोफा थांबवून, सात पलटणी संगिनी रोखून रोहिल्यांवर तुटून पडल्या आणि दोन पलटणींनी बगल सांभाळली. रोहिल्यांची फळी मोडली. परंतु बहुतेक गारदीही कापले गेले. भाल्यांच्या व गोळीच्या जखमांनी खान घायाळ होऊन शत्रूच्या हाती लागले. शुजाने त्यांना आश्रय दिला. पण अब्दालीने त्यांना मागून घेतले आणि काही दिवसांतच कैदेत त्यांचा अंत झाला.

समोरचे सैन्य धर्मबांधवांचे होते, तरीही ज्यांचे मीठ खाल्ले त्यांची बाजू खानांनी सोडली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तोफेचा नेम म्हणजे अंतराचा आणि दारूच्या मापाचा हिशेब! खानांनी नवी विद्या परक्यांकडून शिकून घेतली, ती आपल्या माणसांना शिकविली आणि दिल्या शब्दाला ते जागले. आपण घरी आणि शाळेत मुलांना विद्या देतोच. तिच्याबरोबर इमानही देतो काय, हा प्रश्न आम्हा शिक्षकांनी आणि पालकांनी स्वतःला विचारावा.