मूकनायक बुडाले, जनता टिकली

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चुकांविषयी बोलायचे म्हटले की आमच्या चळवळीत अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. आम्हाला मात्र वाटते, की महापुरुषाला मखरात बसविले की त्याच्याकडून शिकणे बंद होते. बाबासाहेबांनी आयुष्यात पाक्षिके काढली, छापखाना उभारला, महाविद्यालये चालविली. हे सारे पैशाचे, माणसांचे आणि हिशेबाचे व्यवहार होते. त्यातले काही बुडाले. ते का बुडाले हे त्यांनी ओळखले आणि पुढच्या वेळी रीत बदलली. हा भाग चरित्रकार घाईने उरकतात, म्हणून आम्ही तो येथे मांडतो आहोत.

आधी एक फरक केला पाहिजे. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारातील व्यवहारांवर सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. अर्थशास्त्राचे ज्ञान होते, गिऱ्हाईकही येऊ लागले होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. ही बाबासाहेबांची चूक नव्हती. तो जातीने मारलेला धंदा होता. आमच्या उद्योजकांना आजही काही अपयशे अशीच येतात, आणि त्यांचा दोष त्यांच्या माथी मारणाऱ्यांची कमी नाही. परंतु प्रत्येक अपयश या खात्यात टाकता येत नाही. बाबासाहेबांनी तर ते कधीच टाकले नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. 'केसरी'ने तर पैसे देऊनही या पत्राची जाहिरात छापण्यास नकार दिला. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. पत्राचा कारभार पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलपांकडे आला. मुंबईत मतभेद वाढले, पैशाची ओढाताण सुरू झाली. १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. लेखणी तेजस्वी होती, प्रश्न जिवंत होता, आश्रयदाता मोठा होता. नव्हती ती मालक दूर असताना चालणारी व्यवस्था.

३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या संग्रामानंतर पंधरा दिवसांतच, 'बहिष्कृत भारत' निघाले. या वेळी त्यांनी सारे स्वतःच्या अंगावर घेतले. संपादक तेच, लेखक तेच, पैशासाठी झोळी घेऊन फिरणारेही तेच. एकेका अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहिले, त्याबद्दल एक पैही घेतली नाही. त्याच दोन-अडीच वर्षांत मुंबई कायदेमंडळातले काम, मनुस्मृती दहन, सायमन कमिशनपुढील साक्ष, लॉ कॉलेजातली शिकवणी आणि वकिली! आमच्या वक्त्यांना हा प्रसंग फार आवडतो. त्यागाचा म्हणून तो सांगावाच. परंतु व्यवहाराच्या नजरेने पाहिले तर ही पहिल्या चुकीची उलटी बाजू होती. पहिल्यांदा पत्र दुसऱ्यांवर सोडले होते, आता ते एका माणसाच्या श्वासावर लटकले. कर्ज साचले. शेवटी बाबासाहेबांनी ही सारी ओढगस्त पत्रातूनच वाचकांसमोर मांडली. किती संस्थाचालक असे करतात? समाज गरीब होता, निरक्षर होता, हे खरे. पण जे देऊ शकत होते त्यांनीही दिले नाही, हेही खरे. १५ नोव्हेंबर १९२९ ला पत्र थांबले.

आता वर्षभराने काय घडले ते पाहा. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता'चा पहिला अंक निघाला, तेव्हा बाबासाहेब कुठे होते? गोलमेज परिषदेसाठी लंडनला! दहा वर्षांपूर्वी ते लंडनला गेले आणि पत्र कोसळले. आता ते लंडनला असतानाच पत्र जन्माला आले. हा योगायोग नव्हे. संपादकाच्या खुर्चीत देवराव विष्णू नाईक होते. १९२८ पासून 'समता' पाक्षिक सांभाळून त्यांनी आपली कुवत दाखविली होती. पुढे कद्रेकर आले, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे आले, यशवंतराव आंबेडकर आले. भारतभूषण प्रिंटिंग प्रेस हा आपलाच छापखाना हाताशी होता. बाबासाहेब लंडनहून पत्रे धाडीत, ती 'जनता'त छापली जात. ३१ ऑक्टोबर १९३१ पासून पाक्षिकाचे साप्ताहिक झाले. त्यांनी खुर्ची सोडली होती, पत्र सोडले नव्हते. चांगल्या माणसाला निवडणे आणि मग त्याला काम करू देणे, यातली दुसरी गोष्ट पुढाऱ्यांना फार जड जाते, हे आमच्या गटातटांकडे पाहणाऱ्या कोणालाही समजेल.

पैशाची चणचण 'जनता'लाही सुटली नाही. वर्गणी थकविणारे तेव्हाही होते. तरीही पहिले पत्र तीन वर्षे, दुसरे अडीच वर्षे आणि हे पंचवीस वर्षे चालले. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय. तोवर बाबासाहेब दिल्लीत कायदामंत्री होते. वर्ग मात्र मुंबईत आणि औरंगाबादेत रोज भरत होते.

४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतरही 'प्रबुद्ध भारत'चे अंक निघत राहिले.