जहांगीरच्या छावणीतली चूल

मोगल बादशहा जहांगीरच्या आयुष्यातील शिकारीची पहिली हकिगत त्याच्या जन्माआधीची आहे. तो आईच्या पोटात असताना एका शुक्रवारी गर्भाची हालचाल थांबली. ही वार्ता पोहोचली तेव्हा अकबर चित्त्यांच्या साह्याने हरणांची शिकार करीत होता. मूल वाचले तर शुक्रवारी चित्त्याची शिकार जन्मात करणार नाही, असा नवस तो बोलला. मूल वाचले. ३१ ऑगस्ट १५६९ रोजी सिक्री येथे जन्मलेल्या या मुलाचे नाव शेख सलीम चिश्ती यांच्या नावावरून सलीम असे ठेवण्यात आले. अकबराने आपला शब्द पाळला आणि पुढे बादशहा झाल्यावर मुलानेही तो पाळला. जीव घेणे आणि त्याची भरपाई करणे यांचा हा खेळ जहांगीरच्या आयुष्यात अखेरपर्यंत चालू राहिला. तो जितका रानात दिसतो, तितकाच छावणीतल्या चुलीपाशी दिसतो.

वयाच्या बाराव्या वर्षी त्याने पहिली शिकार केली. राज्यावर आल्यानंतर अकराव्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे १६१७च्या सुमारास, त्याने आपल्या शिकारखान्याच्या कारकुनांकडून सगळा हिशेब मांडून घेतला. त्याच्या समोर मारली गेलेली जनावरे व पक्षी २८,५३२ भरले. त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारले होते. त्यात ८६ वाघ होते, ८८९ नीलगाई होत्या, ९० डुकरे होती आणि १०,३४८ कबुतरे होती. हे आकडे त्याने ‘तुझुक-इ-जहांगिरी’ या आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहेत. त्यांत बढाई आहेच, पण जमाखर्च लिहिणाऱ्याची चिकाटीही आहे. बादशहाच्या बंदुकीने पडलेले प्राणी रानात सडत ठेवायचे नसत. हरिण वा नीलगाय पडली की शिकारी सुरी घेऊन धावत. जीव जाण्याआधी जनावर हलाल झाले तरच त्याचे मांस मुसलमानांच्या पानात वाढता येई. मग ते छावणीत येई. बेगमांचे डेरे, अमीर-उमराव आणि चाकर यांना वाटे जात आणि उरलेले मुदपाकखान्यात चढे.

हा मुदपाकखाना जहांगीरला वडिलांकडून तयार मिळाला होता. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त त्याची बारीकसारीक व्यवस्था लिहून ठेवली आहे. बादशहाच्या छावणीचे दोन संच असत. एका संचात मुक्काम असताना दुसरा पुढच्या मजलीवर रवाना होई. एक संच हलवण्यासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई लागत. स्वयंपाकघरावर मीर बकावल हा अधिकारी असे. पदार्थ तयार झाला की आधी आचाऱ्याने, मग बकावलाने चाखायचा. सोन्या-चांदीची भांडी तांबड्या फडक्यात, तांब्याची व चिनी मातीची भांडी पांढऱ्या फडक्यात बांधून त्यांवर मोहोर उठवायची, आणि मगच ती दस्तरखानाकडे न्यायची. बादशहाच्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होई. पिण्यासाठी गंगेचे पाणी मोहोरबंद घड्यांतून येई. स्वयंपाकाला पावसाचे किंवा यमुना-चिनाबचे पाणी घेऊन त्यात थोडे गंगाजल मिसळीत. प्रवासात आणि शिकारीच्या वेळी वाटेतले पाणी चाखून पारखण्यासाठी अनुभवी माणसे नेमलेली असत. पाणी गार करण्यासाठी सोरा वापरला जाई.

या चुलींवर जे रांधले जाई त्याचे तीन वर्ग होते. पहिला मांसाशिवायच्या पदार्थांचा. त्यांना सुफियाना म्हणत. दुसरा मांस आणि भात किंवा धान्य यांच्या मिश्रणाचा आणि तिसरा मसाल्यात शिजवलेल्या मांसाचा. दोपियाजासाठी दहा शेर मांसाला दोन शेर तूप आणि दोन शेर कांदा, वर जिरे, धणे, वेलची, लवंग व मिरी, असे प्रमाण आईनमध्ये दिलेले आहे. दमपुख्तात त्याच दहा शेरांना कांदा निम्मा, आले भरपूर आणि झाकण घट्ट. रानात तंबू ठोकल्यावरही ही मापे सुटत नसत. १६१५ ते १६१९ या काळात इंग्लंडचा वकील म्हणून आलेला सर टॉमस रो बादशहाच्या छावणीबरोबर हिंडला होता. वीस मैलांचा घेर असलेले हे कापडी शहर चार तासांत उभे राहते, हे पाहून तो थक्क झाला. याच रोकडे बादशहाने एकदा शिकारीत मारलेले रानडुक्कर पाठवले. बादशहाच्या चुलीवर ते चढणे शक्य नव्हते, इंग्रजाच्या चुलीवर चढणार होते. सुळे मात्र परत पाठवावेत, असा निरोप सोबत होता.

तरुणपणी या मेजवान्यांत सलीमचे लक्ष अन्नापेक्षा पेल्यात अधिक होते. त्या व्यसनाची सुरुवातही शिकारीतच झाली. अठराव्या वर्षी अटकेजवळ सिंधूकाठी छावणी असताना, दिवसभर रानात हिंडून तो थकून गेला होता. उस्ताद शाह कुली नावाच्या तोफचीने सुचवले की एक पेला दारू घेतल्यास शीण जाईल. हकीम अलीच्या घरून पिवळसर, गोड दारूचा दीड पेला आला. पुढच्या नऊ वर्षांत तो दोनदा गाळलेल्या दारूच्या वीस पेल्यांवर गेला. चौदा दिवसा, सहा रात्री. त्या काळात दिवसाचे जेवण म्हणजे एक कोंबडी आणि रोटी एवढेच उरले होते. हात इतके कापू लागले की पेला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमाम याने सहा महिन्यांत उपाय चालेनासे होतील असे बजावले, तेव्हा त्याने हळूहळू प्रमाण उतरवले. दारू पूर्णपणे सुटली नाही.

१६०५ साली अकबर गेला आणि सलीम नूरुद्दीन जहांगीर या नावाने आग्र्याला तख्तावर बसला. पहिल्याच फर्मानांत त्याने आठवड्यातील दोन दिवस प्राणिहत्येला मनाई केली. गुरुवार, कारण त्या दिवशी तो गादीवर बसला होता, आणि रविवार, कारण तो अकबराचा जन्मवार होता. या दिवशी त्याच्याही ताटात सुफियानाच असे. दोन वर्षांनी लाहोरजवळच्या शिकारीच्या रानात त्याचे मनसराज नावाचे पाळीव काळवीट मेले. त्याच्या कबरीवर त्याने काळविटाच्या आकाराचा दगड बसवला आणि त्या माळावर कोणी हरिण मारू नये असा हुकूम काढला. तिथल्या हरणाचे मांस हिंदूला गाईच्या आणि मुसलमानाला डुकराच्या मांसासारखे निषिद्ध मानावे, असे त्याने ठरवून दिले. आज पाकिस्तानातील शेखूपुरा येथे असलेला हिरन मिनार ही त्याच जागेची खूण आहे.

मुक्या काळविटासाठी कबर बांधणाऱ्या या बादशहाची दुसरी बाजू १६१०च्या शिकारीत दिसली. एक नीलगाय नेमकी बंदुकीच्या टप्प्यात आली असताना एक जिलोदार आणि दोन कहार अचानक समोर आले. जनावर उधळले. बादशहाने जिलोदाराला जागच्या जागी ठार मारायला लावले. कहारांच्या पायांच्या शिरा तोडून, गाढवावर बसवून त्यांना छावणीभर फिरवण्यात आले. ज्या छावणीत त्या संध्याकाळीही चुली पेटल्या असतील, त्याच छावणीत. ही घटना त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिली आहे, पण पश्चात्तापाचा एक शब्दही न लिहिता.

त्याच सुमारास आणखी एका नीलगाईने त्याला दमवले. गोळ्या लागूनही ती पडेना. अखेर ती पडली तर तिचे मांस शिजवून ख्वाजा मुइनुद्दीन चिश्तींच्या नावाने फकिरांना घालीन आणि एक मोहोर व एक रुपया वडिलांच्या नावे देईन, असे तो बोलला. नीलगाय पडली. ती हलाल करून छावणीत आणली गेली. मांस शिजले, मोहोर आणि रुपयाचा हलवा झाला, आणि भुकेलेल्यांना व फकिरांना गोळा करून त्याने आपल्या देखत ते वाढवले. अकबराने मुलाच्या जिवासाठी शिकार सोडली होती. मुलाने शिकार मिळावी म्हणून नवस केला आणि तो भुकेल्यांच्या पोटातून फेडला.

वय वाढले तसा त्याचा चोखंदळपणा वाढला. मारलेले पाणपक्षी तो आपल्यासमोर साफ करून घेई आणि त्यांच्या पोटात काय निघते ते पाही. एकदा एका पक्ष्याच्या पोटातून मोठाले किडे निघाले, तेव्हापासून तो पक्षी त्याने वर्ज्य केला. खवल्याचेच मासे तो खाई. याला धर्माचा आधार होता, पण त्याने आपले कारण वेगळे दिले आहे: बिनखवल्याचे मासे मेलेली जनावरे खातात. रोहू त्याला विशेष प्रिय होता. गुजरातच्या प्रवासात कित्येक महिने रोहू मिळाला नव्हता. राय मान याने तो पकडून आणला तेव्हा बादशहाने त्याला घोडा बक्षीस दिला. याच प्रवासात, १६१८ साली, त्याने गुजराती लोकांची बाजरीची खिचडी चाखली. ती त्याला इतकी आवडली की मांसवर्ज्य दिवशी ती वरचेवर वाढावी असे त्याने मुदपाकखान्याला सांगितले. शेकडो उंटांवरून हिंडणाऱ्या स्वयंपाकघरात शेतकऱ्याची बाजरी अशी शिरली.

१६११ साली त्याच्याशी विवाह झालेली नूरजहानही उत्तम नेमबाज होती. १६१७ साली तिने सहा गोळ्यांत चार वाघ टिपले. बादशहाचा स्वतःचा हात मात्र आवरत चालला होता. पन्नाशी ओलांडली की बंदुकीची शिकार सोडायची, असे त्याने पूर्वीच मनाशी ठरवले होते. नातू शुजा आजारी पडला तेव्हा, १६१८च्या सुमारास, त्याने ते व्रत घेतले. यापुढे आपल्या हाताने कोणताही जीव दुखवायचा नाही. नातू बरा झाला. जे अकबराने सलीमसाठी केले होते, तेच सलीमने शुजासाठी केले.

ते व्रत सुमारे पाच वर्षे टिकले. १६२२ साली शुजाचा बाप खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्ध उठला. मुलाच्या कृतघ्नपणाने दुखावलेल्या जहांगीरने पुन्हा बंदूक उचलली. ज्याच्या लेकरासाठी शिकार सोडली, त्याच्याच वागण्यामुळे ती पुन्हा सुरू झाली.

१६२७ साली काश्मीरहून परतताना तो दम्याने जर्जर झाला होता. चाळीस वर्षे सोबत केलेली अफू नकोशी झाली, जेवणावरची वासना उडाली आणि पोटात जाई ते केवळ दारूचे काही पेले. तरीही बैरामकल्ला येथे त्याने शिकार मांडली. हाकाऱ्यांनी हरणे कड्याच्या कडेला आणायची आणि त्याने बसल्या जागेवरून बंदूक टेकवून मारायची. गोळी लागलेल्या एका हरणामागे धावणारा प्यादा कड्यावरून घसरला आणि दरीत पडून मेला. त्याची आई रडत आली. बादशहाने तिला पैसे दिले, समजूत घातली, पण त्याचे मन थाऱ्यावर येईना. सतरा वर्षांपूर्वी एक जिलोदार मारताना न हललेला हा माणूस या प्याद्याच्या मृत्यूने खचला. जणू मृत्यूचा दूतच आपल्यासमोर उभा राहून गेला असे त्याला वाटले. पुढच्या मजलीवर त्याने पेला मागितला. तो ओठांना लागला, पण घोट गिळता आला नाही. २८ ऑक्टोबर १६२७ रोजी वाटेतच त्याचा अंत झाला. लाहोरजवळ शाहदरा येथे त्याला दफन करण्यात आले.

त्याच्या शिकारीचा आकडा कारकुनांनी नेमका लिहून ठेवला. त्याच्या नवसाच्या नीलगाईचे मांस किती भुकेल्यांच्या मुखी लागले, याची तशी बेरीज कोणी मांडली नाही.